कोरा ठसा

सुरुवातीलाच सांगतो. ही गोष्ट खरी आहे.

यात रात्र नाही. सुनसान रस्ता नाही. कुत्रं रडत नाही, दिवे जात नाहीत. जे घडलं ते भर दुपारी घडलं. वाहन कचेरीच्या मागच्या आवारात. जेवणाची सुट्टी संपून कर्मचारी दात कोरत खुर्च्यांकडे परतत होते तेव्हा.

सरकारी कचेरीत, कामाच्या वेळेत, काहीतरी घडलं. एवढ्यावरूनच काही लोक ही गोष्ट खोटी ठरवतील.

ठरवोत बापडे.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे साडू. म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांना खोटं बोलता येत नाही. प्रयत्न केला तर कान लाल होतात. रिकाम्या रस्त्यावर वळतानाही ते सायकलची घंटी वाजवतात. मी एकदा विचारलं, "अहो, ऐकायला कोण आहे?"

"कुणी नाही हे आपल्याला दिसतं म्हणून काय झालं?" ते म्हणाले.

तेव्हा मी हसलो होतो.

साडूंचं दुकान आहे. करंडक, ढाली, पदकं. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीपासून कारखान्यातल्या 'उत्कृष्ट कामगारा'पर्यंत सगळ्यांची नावं ते कोरतात. हात असा की अक्षराला केसाइतकाही थरकाप नाही. आयुष्यभर त्यांनी जिंकलेल्या लोकांची नावं कोरली. स्वतःचं नाव कोरायची वेळ काही आली नाही.

आणि दुकानामागे एक पत्र्याची शेड. शेडमध्ये अप्पांची मोटरसायकल.

अप्पा म्हणजे साडूंचे वडील. विजेचे मीटर वाचायची नोकरी. गल्लोगल्ली हिंडून आकडे टिपायचे. पण हिंडायचे असे, की बघणाऱ्याला वाटावं सेनापती छावणी तपासतोय. कारण ती गाडी. काळी, जड, पोटात ढोल असल्यासारखी वाजणारी. तशी गाडी गावात दुसरी नव्हती आणि अप्पांसारखा ताठ माणूसही.

अप्पांना मुलगे दोन. थोरले आणि आमचे साडू.

थोरल्यांची जागा गाडीच्या मागच्या सीटवर. अप्पा त्यांना नावाने हाक मारायचे. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी, लांबवून. थोरले धावत यायचे, टांग टाकायचे, आणि बापलेक धूर सोडत निघून जायचे.

साडूंची जागा गाडीच्या खाली. हातात कापड.

रविवारी सकाळी गाडी पुसायची. चाकाच्या तारा, चेन, धुराडं, सगळं साडूंनी. शेवटचा हात मात्र अप्पांचा. ते तयार होऊन यायचे. बोटातली जाड अंगठी पेट्रोलच्या टाकीवर दोनदा आपटायचे.

टक्... टक्.

मग मागे न बघता हात पसरायचे आणि एकच शब्द म्हणायचे.

"कापड."

ऑपरेशन करताना डॉक्टर 'कात्री' म्हणतात ना, तसं. साडू हातात कापड द्यायचे. अप्पा त्याची चौपदरी घडी करायचे. टाकीवरून आणि हँडलखाली सांगाड्याच्या मानेवर एक हात फिरवायचे. डावीकडून उजवीकडे. मग कापड गाडीच्या पुढच्या दिव्यावर टाकून किक मारायचे.

साडूंना त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. रागावले तरी नाही. साडू लहानपणी म्हणे आईला विचारायचे, "माझं नाव काय ठेवलंय ते अप्पांना माहीत आहे ना?"

अप्पा गेले. अंगठी बोटातून निघेना म्हणून त्यांच्याबरोबरच गेली. थोरल्यांनी लांबच्या शहरात संसार थाटला. गाडी शेडमध्ये राहिली आणि साडूंचा रविवारही शेडमध्येच राहिला. वर्षानुवर्षं ते ती पुसत राहिले.

पण बसले कधी नाहीत.

एकदाही नाही.

कारण कागद नव्हते. अप्पांनी गाडीची कागदपत्रं एका सुरक्षित जागी ठेवली होती. इतक्या सुरक्षित, की ती जागा आजवर कुणाला सापडलेली नाही. कचेरीतलं जुनं दप्तर छप्पर गळून भिजलं आणि त्याचा लगदा झाला. म्हणजे गाडी होती, पण ती कुणाचीच नव्हती. आणि साडूंनी मनाशी धरलं होतं, की बसेन तर गाडी माझ्या नावावर झाल्यावर. रीतसर. दिवसाढवळ्या. गावातून एक फेरी, स्वतःच्या नावाच्या गाडीवरून.

एवढंच हवं होतं त्यांना. जास्त काही नाही.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी मनावर घेतलं आणि वाहन कचेरीबाहेरचा एजंट गाठला.

हा एजंट म्हणजे झाडाखाली टेबल टाकून बसलेला एक समाधानी गृहस्थ. त्याने साडूंची कहाणी डोळे मिटून ऐकली.

"काका, कागद नाहीत ना? उत्तम."

"उत्तम?"

"अर्धेमुर्धे कागद असले की वांधे. काहीच नसलं की सगळं नव्याने करता येतं. एक प्रतिज्ञापत्र. पेपरात जाहीर नोटीस, कुणाचा हक्क असेल तर या म्हणून. पोलिसांचं ना-हरकत. भाऊ आहे?"

"थोरले आहेत."

"भांडण?"

"छे हो."

"मग त्यांचं संमतीपत्र. ते स्वतः हजर हवेत. आणि सगळ्यात महत्त्वाचा चासी नंबर. सांगाड्यावर कारखान्याने ठोकलेला असतो. कागद हरवतात, पाट्या बदलतात, लोखंड खोटं बोलत नाही. त्यावर कागद धरायचा, पेन्सिल घासायची, नंबर वर येतो. तो ठसा फाईलला लागला, की गाडी तुमची."

साडूंचा चेहरा उजळला. तो नंबर त्यांना पाठ होता. हँडलखाली, मानेवर. लहानपणी दात घासायच्या ब्रशने ते तिथली धूळ काढायचे. त्यातल्या साताचा पाय मोडका होता, कारखान्यातच नीट उमटला नव्हता. त्या लंगड्या सातावर साडूंचा भारी जीव.

रविवारी सकाळी एजंट शेडमध्ये आला. पेन्सिल काढली. मानेवर कागद धरला आणि घासू लागला.

घासत राहिला.

कागद काळा होत गेला. एकसारखा. गुळगुळीत.

आकडा... एकही नाही.

एजंटने कागद बदलला. पुन्हा तेच. मग त्याने मानेवर बोट फिरवलं आणि साडूंकडे बघितलं.

"काका, तुम्ही ही गाडी पुसता कशाने?"

"सुती कापड. पॉलिश. कधीमधी बारीक पॉलिश पेपर."

"किती वर्षं?"

साडूंनी सांगितलं.

एजंट मटकन स्टुलावर बसला. "तुम्ही नंबर पुसलात, काका. चोर कानस मारून घालवतात तो नंबर तुम्ही प्रेमाने घालवलात."

साडू वाकले. मान आरशासारखी चकचकत होती. त्यात त्यांचाच चेहरा दिसत होता. त्यांच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. पाठ असलेली गोष्ट कोण कशाला वाचून बघतो?

चहा घेऊन आलेली माझी मेहुणी दारात उभी होती. "एवढी घासली त्याच्या निम्म्याने घरातली भांडी घासली असतीत," ती म्हणाली, "तर आज मीच सही करून दिली असती."

कुणी हसलं नाही.

आणि त्या शांततेत...

टक्... टक्.

टाकीवर.

"ऊन वाढलं की पत्रा वाजतो," एजंट म्हणाला.

टाकीवर ऊन पडलेलं नव्हतं.

मेहुणी आत निघून गेल्यावर एजंट साडूंच्या कानाशी लागला. "तुमच्या दुकानात आकड्यांचे पंच असतील ना? पोलादी?"

"आहेत."

"नंबर पाठ आहे?"

"आहे."

"मग मी जातो. मी काही बोललो नाही, तुम्ही काही ऐकलं नाही."

साडूंनी त्या आठवड्यात जेवणात लक्ष दिलं नाही. करंडकावर एका खेळाडूचं आडनाव चुकवलं, जे पूर्वी कधी झालं नव्हतं. हे बेकायदा होतं, हे त्यांना कळत होतं. पण मी खोटा नंबर तर मारत नाही ना, असं ते स्वतःला समजावत होते. गाडीचाच नंबर गाडीला परत देतोय. पुसला मी, लिहिणार मी.

कान मात्र लाल झाले होते.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी शेडचं दार लोटून घेतलं. पंच आणि हातोडी घेतली. एकेक आकडा मानेवर टेकवून एकेक घाव घातला. हात सरावलेला. आकडे एका रांगेत, सारख्या खोलीचे, सुरेख बसले. फक्त सातावर ते थबकले. त्यांच्या पंचातला सात धडधाकट होता. मोडक्या पायाचा सात कुठून आणायचा?

तोच ठोकला.

कागद धरला. पेन्सिल घासली. नंबर लख्ख वर आला. साडूंनी बोटाने एकेक आकडा चाचपला. खोल होते. बोटाला लागत होते.

त्यांनी समाधानाने कापड हातात घेतलं, आणि...

टक्... टक्.

ते जागच्या जागी थिजले.

शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत चालला होता. शेजारी कुणीतरी गादी झोडपत होतं. दिवसाचे सगळे आवाज जिथल्या तिथे होते.

आणि अगदी जवळून, मागे न बघता बोलल्यासारखं...

"कापड."

साडू सांगतात, की भीती वाटायला वेळच मिळाला नाही. हात आपोआप पुढे झाला. लहानपणापासूनची सवय. हात पुढे झाला आणि कापडाला...

हलकीशी ओढ बसली.

त्यांनी सोडलं.

डोळे मिटले होते ते उघडले, तेव्हा कापड दिव्यावर होतं. चौपदरी घडी घातलेलं.

दुसरा कुणी असता तर किंचाळत घराबाहेर पळाला असता. आमचे साडू तिथेच बसले आणि लहान मुलासारखे रडले. आनंदाने! अप्पा आले होते. थोरल्यांसाठी नाही, त्यांच्यासाठी. त्यांच्या एकट्यासाठी. गाडी नावावर करून देण्याआधी शेवटचा हात फिरवायला.

हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त त्यांचं होतं. कुणाला वाटून द्यावंसं वाटेना. शेडला त्यांनी कुलूप लावलं. त्यांना वाटलं, आता मानेला हात लावायचा नाही. शेवटचा हात अप्पांचा.

कचेरीतल्या तपासणीच्या आदल्या दिवशी थोरले आले. दिलखुलास माणूस. येतानाच गोंगाट घेऊन येतो.

"काय रे बारक्या! अजून त्या डबड्याच्या मागे आहेस?"

"दादा, संमतीपत्रावर सही लागेल तुझी."

"दोन घे, तीन घे! मला काय करायचंय ते भंगार? माझ्याकडे पार्किंगला जागा नाही, कंबरेत जोर नाही. तुझीच आहे ती. एवढं कुणी बायकोला पुसत नाही."

"ऐका," मेहुणी म्हणाली.

साडू हसले. त्या रात्री ते गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी वाहन कचेरीत नेली. एजंटने ढकलत मागच्या आवारात उभी केली. आवारात जप्त केलेल्या गाड्या गंजत पडलेल्या. मधे सिमेंटची मोकळी जागा. त्यावर रखरखीत ऊन. जेवणाची सुट्टी संपली आणि इन्स्पेक्टर आले. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात बडीशेप. त्यांना कशाचंच आश्चर्य वाटत नव्हतं. त्या नोकरीत वाटून चालत नाही.

"अर्जदार?"

"मी," साडू म्हणाले. आवाज थोडा चढलाच.

"ठसा घ्या. माझ्यासमोर."

साडूंनी मानेवर कागद धरला. पेन्सिल घासली.

कागद काळा होत गेला...

एकसारखा.

गुळगुळीत.

"पेन्सिल मऊ आहे," एजंट घाईने म्हणाला आणि दुसरी दिली.

पुन्हा तेच.

साडूंनी मानेवर बोट ठेवलं. स्वतःच्या हाताने घातलेले घाव. बोटाला लागत होते ते खोल आकडे. तिथे आता सगळं काचेसारखं होतं. फक्त उन्हात तिरकं बघितलं तर बारीक रेघा दिसत होत्या. पुसल्याच्या.

डावीकडून उजवीकडे.

साडूंनी बोट मागे घेतलं. शेडमध्ये त्यांनी कापड दिलं होतं. स्वतःच्या हाताने. आणि ते आशीर्वाद समजले होते.

"नंबर नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "नंबर नाही म्हणजे वाहन नाही. कायद्याने बघायला गेलं तर आत्ता इथे काहीही उभं नाहीये."

"साहेब, समोर दिसतेय की," एजंट म्हणाला.

"दिसणं हा पुरावा नाही."

"सरक रे बारक्या," थोरले म्हणाले. "तुला जमायचं नाही. दे इकडे."

त्यांनी कागद घेतला. गंमत म्हणून. एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने पेन्सिल टेकवली, आणि ती पहिली रेघ ओढायच्या आत...

टक्... टक्.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. इन्स्पेक्टरांनी बडीशेप चावायची थांबवली.

पेन्सिल फिरली.

आकडा वर आला. मग दुसरा. मग सगळे. ठसठशीत. खाली धातू काचेसारखा गुळगुळीत, आणि कागदावर नंबर.

त्यातला सात... मोडक्या पायाचा होता.

"आला की!" थोरले म्हणाले. "काय घाबरवतोस लेका!"

साडूंनी त्यांच्या हातातून पेन्सिल जवळजवळ हिसकावली. शेजारीच दुसरा कागद धरला. घासला. कोरा. काळा, पण कोरा. थोरल्यांनी पुन्हा घासला. नंबर. साडूंनी पुन्हा. कोरा.

वाचकहो, इथे तुम्हाला वाटेल की आता आरडाओरडा झाला असेल, कचेरी रिकामी झाली असेल. तसं काही झालं नाही. इन्स्पेक्टरांनी काळा चष्मा काढला, दोन्ही कागद शेजारी धरून बघितले, चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाले,

"ज्यांच्या हाताला नंबर येतो त्यांच्या नावाने अर्ज आणा. मला फाईल बंद करायची आहे."

"पण साहेब—" साडू.

"दोघं वारसच ना? मग एकाने अर्ज करायचा, दुसऱ्याने संमती द्यायची. कुणी कुठे, ते तुमचं घरगुती."

एजंटने नजर चुकवली. त्याने आधीच पेन उघडलं होतं.

साडू थोरल्यांकडे बघत राहिले. त्यांची खात्री होती, की दादा हसेल. कागद फाडेल. म्हणेल, साहेब, गाडी याची आहे, मी नाही घेणार.

थोरले गाडीकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंगाट गेला होता. मग त्यांनी टाकीवर तळवा ठेवला.

"अप्पांचीच इच्छा दिसते रे," ते म्हणाले.

बस. एवढंच.

"दादा, तू काल म्हणालास, भंगार आहे..."

"काल म्हणालो. आज तूच बघितलंस ना? आता मी नाही म्हणणं बरं दिसेल का? तूच सांग."

साडूंनी पेन घेतलं. एजंटने पुढे केलेल्या कागदावर सही केली. 'माझी कोणतीही हरकत नाही.' अक्षराला केसाइतकाही थरकाप नव्हता.

थोरल्यांनी टांग टाकली. साडूंनीच कधी काळी बसवलेला प्लग, साडूंनीच सकाळी भरलेलं पेट्रोल. पहिल्या किकला गाडी सुरू झाली. तोच ढोल. आवारातली कबुतरं उडाली.

"घरी ये मागाहून!" थोरले ओरडले आणि क्लच सोडला.

गाडी हलली. आणि साडूंनी पाहिलं...

मागची रिकामी सीट... दबली.

स्प्रिंग कुरकुरली. कुणीतरी वजनदार माणूस ताठ बसावा, तशी गाडी मागे बसली. फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती तशीच होती. वळणावर वळली. दिसेनाशी झाली.

गाडीवर जागा दोघांचीच होती.

साडू सिमेंटवर उभे होते. हातात कापड.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. थोरले गाडी आपल्या शहरात घेऊन गेले. पार्किंगला जागा निघाली. कंबरेतही जोर आला. साडूंनी शेड झाडली आणि तिथे करंडकांची खोकी रचली.

मग रविवार आला. साडू खोकी मोजत होते. मधली जागा, जिथे वर्षानुवर्षं गाडी उभी होती, ती मात्र त्यांच्याच्याने भरवली नव्हती. तिथे फक्त जमिनीवर तेलाचा डाग.

टक्... टक्.

हवेत. काहीही नसलेल्या जागी.

"कापड."

"दादाकडे मागा!" साडू ओरडले. आयुष्यात वडिलांना दिलेलं पहिलं उलट उत्तर.



मग पुन्हा. थोडं हळू. म्हाताऱ्या माणसाने मागावं तसं...

"कापड."

साडूंचा हात पुढे झाला. ओढ बसली. त्यांनी सोडलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांचा फोन. "अरे बारक्या, आमच्या वॉचमनला काय झालंय कोण जाणे! काल न सांगता गाडी पुसून ठेवली. तू पुसायचास अगदी तशी. आरसा आहे, आरसा!"

साडूंनी फोन ठेवला आणि मेहुणीला बोलावलं. मग सगळं सांगितलं. पहिल्यापासून. मेहुणीने माझ्या बायकोला सांगितलं, म्हणजे मला कळलंच.

काही आठवड्यांनी मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, तुम्ही एकदा येऊन बघा हो. हे रविवारी शेडमध्ये नुसते बसून राहतात. मी आत गेले तर ओरडतात."

मी गेलो. रविवारी सकाळी. शेडचं दार अर्धं उघडं होतं. उन्हाचा पट्टा आत आला होता. साडू तेलाच्या डागासमोर स्टुलावर बसले होते. मला बघून त्यांनी मान हलवली. बसा, म्हणाले.

मला काही ऐकू आलं नाही. अगदी शपथेवर सांगतो. टक् नाही, शब्द नाही.

पण साडूंनी एकदम हात पुढे केला. हातात कापड होतं. आणि ते कापड...

ताणलं गेलं.

मी बघत होतो. एक टोक साडूंच्या मुठीत. दुसरं टोक हवेत, जमिनीला समांतर. मधे कापड तारेसारखं ताठ. साडूंच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या.

या वेळी ते सोडत नव्हते.

"आधी नावाने हाक मारा," साडू समोरच्या रिकाम्या जागेला म्हणाले. आवाज शांत होता. गिऱ्हाईकाला भाव सांगावा तसा. "एकदा. मग देतो."

किती वेळ गेला मला माहीत नाही. बाहेर भंगारवाला येऊन गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी पाय हलवला नाही. मग कापड एकदम सैल पडलं.

साडूंनी ते झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ."

"हे दर रविवारी?"

"दर रविवारी."

"आणि हाक?"

"अजून नाही. मागच्या खेपेला कापड मधोमध फाटलं. आज नवीन आणलंय. जाड."

चहा घेताना त्यांनी सांगितलं, की थोरल्यांची तक्रार आहे. गाडीला गंज चढायला लागलाय. कितीही पुसली तरी चमक येत नाही. हे सांगताना साडू हसले नाहीत. पण बशी त्यांनी अगदी समाधानाने खाली ठेवली.

गेलेल्या माणसाच्या हाकेला ओ देऊ नये म्हणतात, म्हणून मला गप्प बसवेना. मी विचारलं, "अहो, समजा एक दिवस खरंच मारली हाक. तुमच्या नावाने. तर?"

"तर काय?"

"तुम्ही ओ देणार?"

साडूंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी विचित्रच विचारलं होतं.

"न देऊन कसं चालेल?" ते म्हणाले. "एवढी वर्षं थांबलोय."

त्यांचे कान लाल झाले नव्हते.

तेव्हापासून रविवारी दुपारी मी त्यांना फोन करतो. काहीतरी निमित्त काढतो. हवापाणी, कुणाची तब्येत, काहीही. पलीकडून त्यांचा आवाज आला, की इकडचं तिकडचं बोलून ठेवून देतो.

गेल्या रविवारी फोन बराच वेळ वाजत राहिला.

शेवटी मेहुणीने उचलला. "शेडमध्येच आहेत हो अजून," ती म्हणाली. "थांबा, हाक मारते."

"नको!" मी म्हणालो. जरा जोरातच. "हाक नको मारूस."